वस्तऱ्याचा चामडी पट्टा

तरवारीचा इतिहास आमच्याकडे पुष्कळांनीं लिहिला आहे. वस्तऱ्याच्या वांट्याला तें भाग्य फारसें आलें नाहीं. वास्तविक तरवार बाळगणारे पुरुष समाजांत नेहमीं थोडेच असतात आणि वस्तऱ्याखालीं मान देणारे बहुतेक सगळेच. राजा असो कीं रंक, भट असो कीं शेट, परक्या माणसाच्या हातांतील उघडें पातें आपल्या गळ्यावरून फिरूं देण्याइतका विश्वास त्याला ठेवावाच लागे. त्या पात्याची धार दगडावर निघे खरी, परंतु ती सुखानें गालावरून चालण्याजोगी होई ती चामड्याच्या एका पट्ट्यावर. न्हाव्याच्या धोकटींत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, आरसा आणि वाटी यांच्या शेजारीं हा पट्टा असे. आणि पुढें ज्या सुशिक्षित गृहस्थांनीं घरच्या घरीं दाढी करण्यास आरंभ केला, त्यांच्याही खिडकीच्या खिळ्यास तो लोंबूं लागला. आज तो दोन्ही ठिकाणांहून बहुतेक नाहींसा झाला आहे.

असा पट्टा घरीं करावयाचा झाल्यास चामडें कोणतें निवडावें, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारासाठीं घेतला आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें अर्धें उत्तर जसें कारागिराच्या शास्त्रांत सांपडतें, तसें उरलेलें अर्धें मुंबईच्या, आणि त्यांतही गिरगांवापासून परळ-लालबागेवरून धारावीपर्यंत पसरलेल्या मुंबईच्या, सामाजिक इतिहासांत शोधावें लागतें. वाचकांनीं दोन्हींकडे आमच्याबरोबर यावें अशी विनंति आहे.

प्रथम कारागिराचें शास्त्र पाहूं. दगडावर घांसलेल्या पात्याची कड डोळ्यांस कितीही सरळ दिसली, तरी सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ती करवतीसारखी दंतुर दिसते. शिवाय पोलादाची एक अतिशय पातळ लव तिच्या एका अंगास वळून राहिलेली असते. अशा पात्यानें दाढी केल्यास केंस कापले जाण्याऐवजीं ओढले जातात व कातडी सोलवटते. पात्याची पाठ पुढें आणि धार मागें अशा बेतानें तें चामड्यावरून अलगद ओढलें, म्हणजे ही लव सरळ होते, कांहीं गळून पडते आणि कड गुळगुळीत होते. पट्टा पोलाद फारसें खात नाहीं. दगडानें काढलेल्या धारेला तो वळण लावतो. धार मागें ठेवण्याचा नियम चुकला, तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. म्हणून नवशिक्यांचे पट्टे काठाशीं कापलेले असत, आणि पट्ट्यावरून माणसाचा हात ओळखतां येई.

हें काम करावयाचें चामडें कसें असावें? पहिला गुण घट्टपणाचा. सैल चामडें पात्याच्या भारानें दबतें, पातें पुढें सरकतांच त्याच्या मागें उसळून वर येतें आणि नेमकी धारच गोल करून टाकतें. म्हणून जनावराच्या पोटाचें अथवा पायाच्या बगलेचें चामडें या कामास निरुपयोगी; तें ओढलें तर लांबतें आणि वांकडें होतें. पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंचें चामडें घट्ट, सारख्या जाडीचें आणि कमी ताणलें जाणारें असतें, तेंच घ्यावें. लांबी हातभर, रुंदी सुमारें तीन इंच, म्हणजे पात्याची सारी लांबी तीवर एकदम टेकावी. जाडी तीन मिलिमीटरांच्या आसपास पुरे. पट्टी कण्याच्या दिशेनें उभी कापावी, आडवी कापूं नये. दुसरा गुण निर्दोषपणाचा. गोचिडाचे डाग, चाबकाचे वळ, काट्यांचे ओरखडे आणि सोलतांना सुरीनें पडलेले चरे हे सर्व चामड्यांत कायम राहतात. पायताणांत ते खपून जातात. पट्ट्यांत मात्र प्रत्येक डाग धारेला ठेंच देतो. तिसरा गुण ओढीचा. केंसाकडची बाजू गुळगुळीत असते आणि पातें तीवरून हलकेंच घसरतें. मांसाकडची बाजू लवदार असते आणि पात्यास धरून ठेवते. नेहमींच्या उपयोगास केंसाकडची बाजू वर घ्यावी. ज्यांना थोडी अधिक धार काढावयाची असे, ते दुसऱ्या बाजूस लोखंडाच्या तांबड्या भस्माची अत्यंत बारीक पूड तेलांत कालवून चोळीत. शेवटची गोष्ट म्हणजे पट्टा तयार होतो तो वापरानें. रोज तळहातानें तो चोळावा, म्हणजे हाताची ऊब आणि तेलकटपणा चामड्यांत उतरतो व त्यास झळाळी येते. तळहाताची ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

चामड्याचा गुण जनावरावर जितका अवलंबून आहे, तितकाच, किंबहुना अधिक, तें कमावण्याच्या रीतीवर. कच्चें कातडें ओलें राहिलें तर कुजतें आणि वाळलें तर लांकडासारखें ताठ होतें. कांहीं झाडांच्या सालींत व फळांत एक तुरट द्रव्य असतें. तें कातड्याच्या तंतूंशीं संयोग पावलें म्हणजे कातडें सडण्याचें थांबतें आणि त्याचें चामडें होतें. महाराष्ट्रांत या कामीं बाभळीची साल, तरवडाची साल आणि हिरडा हीं पूर्वापार वापरण्यांत आलीं आहेत. कातडें प्रथम चुन्याच्या पाण्यांत मुरवून त्याचे केंस आणि मांसाचे लगदे काढावयाचे. मग चुना धुऊन टाकावयाचा. मग त्याच कातड्याची पिशवी शिवून तींत साल आणि हिरडा यांचा काढा भरावयाचा व ती टांगून ठेवावयाची. काढा आंतून बाहेर झिरपत जातो आणि कातड्याच्या रंध्रारंध्रांत उतरतो. कोल्हापुरी वहाणांचें चामडें याच रीतीनें तयार होत आलें आहे. या कामास कित्येक दिवस, कधीं कधीं कित्येक आठवडे लागतात. पाठीस भार, हातास चुना आणि नाकास दुर्गंधी हीं त्याबरोबर येतात. हिरडा तर सह्याद्रीचाच माल. मुंबई बंदरांतून तो इतका परदेशीं जाई कीं, विलायतच्या बाजारांत हिरड्याच्या प्रतींना भीमली, जबलपुरी, राजपुरी, वेंगुर्ली अशीं आमच्याकडचीं नांवें पडलीं होतीं. साहेबी दुकानांतून एखाद्या गृहस्थानें मोठ्या दिमाखानें इंग्लंडचा म्हणून आणलेल्या पट्ट्यांत आमच्याच डोंगरांतला हिरडा मुरलेला असला, तर त्यांत नवल नव्हतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या धंद्यांत मोठी क्रांति झाली. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यानें १८८४ सालीं क्रोम धातूच्या क्षारांनीं कातडें कमावण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. १८९३ सालीं मार्टिन डेनिस यानें ती कृति सोपी केली. आमच्या देशांत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १९०३ च्या सुमारास मद्रासेस तिचे प्रयोग सुरू केले. सालींच्या काढ्याला जेथें आठवडे लागत, तेथें क्रोमाला एकदोन दिवस पुरूं लागले. आज जगांतील बहुतांश चामडें क्रोमानेंच कमावलेलें असतें. तें मऊ असतें, पाण्यास टिकतें आणि बुटांच्या वरच्या भागास उत्तम. परंतु तें ताणलें जातें आणि दबतें, म्हणून वस्तऱ्याच्या पट्ट्यास सालीचें चामडेंच पसंत करण्यांत येतें. दोहोंतला फरक ओळखण्यास चामड्याची कापलेली कड पाहावी. सालीचें चामडें आरपार तपकिरी असतें. क्रोमाचें चामडें वरून कोणत्याही रंगाचें असलें, तरी त्याचा गाभा बहुधा निळसर करडा दिसतो.

एवढें शास्त्र ध्यानांत धरून मुंबईंत चामडें शोधावयास निघावें, तर पावलें धारावीकडे वळतात. तीं तिकडेच कां वळतात, यालाही इतिहास आहे. आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ पासून १८७१ पर्यंत मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांच्या कारकीर्दींत कसाईखाना शहराच्या वस्तींतून उठवून वांद्र्यास नेण्यांत आला. वांद्र्याच्या खाडीच्या अलीकडे धारावी. तेव्हां ती कोळ्यांची वस्ती आणि भोंवतालीं दलदल होती. कसाईखान्यामागें कातडीं आलीं, कातड्यांमागें तीं कमावणारे आले. तिरुनेलवेलीकडील मुसलमान कारखानदार व मजूर आले. महाराष्ट्रांतून संत कक्कय्यांना मानणारा ढोर समाज आला, आणि धारावींतील एका भागास ढोरवाडा हें नांव पडलें. चांभार समाजाचीं कुटुंबें आलीं. १९७१ सालीं कसाईखाना देवनारला गेला आणि पुढें धारावींतील कातडीं कमावण्याचे बहुतेक कारखानेही हळूहळू बंद पडले किंवा बाहेर गेले. परंतु चामडें कापण्याचा, शिवण्याचा आणि विकण्याचा धंदा तेथें राहिला. शहराला ज्या वस्तूची गरज असते, परंतु जिचा वास त्याला नको असतो, ती वस्तु शहर आपल्या वेशीवर नेऊन ठेवतें. मग शहरच वाढत जातें आणि एक दिवस ती वेस त्याच्या मध्यभागीं येते. धारावीचें असेंच झालें आहे.

परंतु चामडें कांहीं धारावीलाच थांबलें नाहीं. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी उभारण्यासाठीं कंपनी स्थापन केली, आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सारा मुलूख धुराड्यांनीं भरून गेला. या गिरण्यांत वाफेच्या एका इंजिनाचें बळ शेंकडों यंत्रांना वांटून द्यावें लागे. तें वांटण्यासाठीं आढ्याजवळून लांबच लांब लोखंडी दांडे फिरत, आणि त्या दांड्यांवरून प्रत्येक यंत्रापर्यंत चामड्याचे पट्टे उतरत. हे पट्टे जनावराच्या पाठीच्या निवडक चामड्याचे करीत, कारण रोज दहादहा बाराबारा तास ताण सोसून तें लांबतां कामा नये. वस्तऱ्याच्या पट्ट्यास जे गुण हवेत असें आम्हीं वर सांगितलें, तेच हे गुण. गुणांनीं पाहिलें तर गिरणीच्या जुन्या पट्ट्याच्या तुकड्याइतकें या कामास योग्य चामडें मुंबईंत दुसरें नव्हतें. जें ताणावयाचें तें त्यानें आधींच ताणून घेतलेलें असे. शिवाय साच्यावर धोट्याला ठोसा देणारा जो भाग असे, तो म्हशीच्या कातड्याचा केलेला असे. म्हणजे मुंबईचें कापड ज्या धोट्यानें विणलें जाई, तो धोटा मिनिटास शंभरांहून अधिक वेळां कातड्याचा मार खात असे.

आणि येथेंच आमच्या विषयाचें दुसरें अर्धें सुरू होतें. त्या गिरण्यांच्या साचेखात्यांत, जेथें मजुरी इतर पुष्कळ खात्यांहून बरी मिळे, अस्पृश्य मानलेल्या समाजांतील कामगारांस घेत नसत. कारण असें सांगण्यांत येई कीं, धोट्यांतील सुताची कांडी बदलतांना नव्या सुताचें टोंक विणकराला तोंडानें ओढून धोट्याच्या भोकांतून काढावें लागतें. तोच धोटा अस्पृश्याच्या तोंडीं लागला तर इतरांना विटाळ होईल. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं हा प्रश्न जाहीरपणें पुढें मांडला आणि साचेखातें आपल्या लोकांस खुलें करण्याची मागणी केली. ज्या साच्याला चामड्याचा पट्टा फिरवीत होता, ज्या धोट्याला म्हशीचें कातडें हाणीत होतें, त्या साच्यावर तें कातडें सोलणाऱ्याच्या आणि कमावणाऱ्याच्या मुलास उभें राहतां येत नव्हतें. चामड्याला गिरणींत मज्जाव नव्हता. ज्या हातांनीं तें चामडें झालें, त्या हातांना होता.

वस्तऱ्याच्या पट्ट्याची गोष्ट याहून निराळी नाहीं. ती अधिक जुनी आहे इतकेंच. आमच्या गांवगाड्याच्या बारा बलुत्यांत न्हावी आणि चांभार हे दोघेही येतात. मेलेलें जनावर ओढून नेण्याचें काम महार समाजावर लादलेलें. तें कातडें कमावून मोट आणि पखाल करणें ढोर समाजाकडे. वहाणा आणि वाद्या शिवणें चांभाराकडे. आणि त्या चामड्याची एक पट्टी न्हाव्याच्या धोकटींत. परंपरा अशी सांगते कीं, संत रोहिदास आणि संत सेना न्हावी हे दोघेही रामानंदांचे शिष्य. ही परंपरा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरेल हा प्रश्न निराळा. परंतु भक्तीच्या क्षेत्रांत एका गुरूच्या पायांशीं बसलेले हे दोन कारागीर व्यवहारांत मात्र वेगवेगळ्या पंक्तींना बसविले गेले. न्हावी स्पृश्य ठरला आणि चांभार अस्पृश्य. दोघांमधील दुवा असलेला पट्टा न्हाव्याच्या घरीं बिनतक्रार राहिला.

उच्चवर्णीय घरांतील आचार तर याहून सूक्ष्म होता. हजामतीचे वार ठरलेले, हजामत झाल्यावर स्नान केल्यावांचून घरांत वावरावयाचें नाहीं; कारण न्हाव्याचा हात आणि कापलेले केंस यांचा विटाळ. स्नानानें न्हाव्याचा स्पर्श धुतला जाई. परंतु गालावरून फिरलेला वस्तरा क्षणापूर्वीं गुराच्या चामड्यावरून आला होता, याचा हिशेब कोणत्याही पंचांगांत नव्हता. यावर कोणी म्हणेल कीं, आमच्या शास्त्रांनीं चामडें सरसकट त्याज्य मानलेलेंच नाहीं. मुंजींत बटूला मृगाजिन लागतें, आणि कीर्तनांतला मृदंग कातड्यावांचून बोलत नाहीं. हें खरें आहे, आणि आमच्या म्हणण्याला त्यानें बळकटीच येते. विटाळ जर वस्तूंत असता, तर तो अजिनासही असता आणि मृदंगासही. वस्तु शुद्ध ठरते आणि ती करणारा माणूस अशुद्ध राहतो, तेव्हां विटाळाचें मूळ चामड्यांत नाहीं हें सिद्ध होतें.

यांत माणसाचें काय होत असे, हें पाहावयास फार लांब जावयास नको. पुढें परळच्या चाळींत आणि मग दादरच्या ‘राजगृहां’त ज्यांनीं वास्तव्य केलें, त्या बाबासाहेबांचें बालपण साताऱ्यास गेलें. साताऱ्यांत न्हावी पुष्कळ होते; परंतु त्यांतला एकही अस्पृश्याच्या डोक्याला हात लावावयास तयार नव्हता, आणि म्हणून आपले केंस आपली थोरली बहीणच कापीत असे, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. पट्टा त्या न्हाव्यांच्याही धोकट्यांत असेल. चामडें धोकटींत चालत होतें. मूल ओसरीवर चालत नव्हतें.

हाच प्रकार क्रिकेटच्या मैदानावर घडला. चांभार समाजांत १८७६ सालीं जन्मलेले पळवणकर बाळू हे आपल्या काळचे मोठे गोलंदाज. मुंबईच्या हिंदु जिमखान्याकडून ते खेळले आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. त्याच्या आधीं पुण्यास खेळत असतां त्यांचा चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत येई. चेंडू चामड्याचा; तो बाळूंच्या हातांतून सुटे आणि उच्चवर्णीय क्षेत्ररक्षक तो आनंदानें झेलीत. चहाची कपबशी मात्र त्यांच्या हातीं जातां कामा नये!

न्हावी समाजाकडे केवळ या व्यवस्थेचा वांटेकरी म्हणून पाहणें अन्यायाचें होईल. वस्तरा कोणावर चालवावयाचा नाहीं, हें ठरविण्याचा हक्क त्यानें एकदां फार मोठ्या कामीं वापरला. विधवांच्या केशवपनाची चाल तेव्हां उच्चवर्णीय घरांत सर्रास होती, आणि तें काम न्हाव्यावांचून होण्यासारखें नव्हतें. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळींत वाढलेले आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८९० सालीं मुंबईंत न्हावी मंडळींची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावणार नाहीं असा ठराव झाला. परळ-लालबागच्या गिरणीकामगारांना आठवड्याची रविवारची सुटी मिळवून देण्याच्या कामींही याच लोखंड्यांचें नांव घेतात, आणि तेंही १८९० सालचेंच. मोठमोठ्या विद्वानांनीं ज्या चालीवर वर्षानुवर्षें शास्त्रार्थ केला, तीसंबंधीं रोजच्या कमाईवर पोट असलेल्या माणसांनीं एका बैठकींत निर्णय घेतला. चाल त्या दिवशीं थांबली नाहीं. परंतु हत्यार धरणाऱ्या हातालाही विवेक असतो हें मुंबईनें त्या दिवशीं पाहिलें.

आतां घरगुती पट्ट्याकडे वळूं. आपली दाढी आपण करण्याची रीत आमच्याकडे साहेबांच्या अनुकरणानें आली. इंग्लंडांत ती आधींच रूढ होती. १७९० नंतरच्या दशकांत लंडनचा जॉर्ज पॅकवुड वस्तऱ्याच्या पट्ट्यांच्या इतक्या चटकदार जाहिराती देई कीं, जाहिरातींच्या इतिहासांत त्याचें नांव राहिलें आहे. आमच्याकडील इंग्रजी शिकलेल्या वर्गानें ही रीत उचलली ती कांहीं वेळ वांचावा म्हणून, कांहीं कचेरीची शिस्त म्हणून. तिचा परिणाम मात्र कोणीं योजिलेला नव्हता. आजवर न्हाव्याच्या धोकटींत झांकलेला पट्टा गिरगांवांतल्या चाळीच्या खोलींत, कदाचित् देव्हाऱ्यापासून चार हातांवर, भिंतीला टांगला गेला. आणि ज्या गृहस्थाच्या आजोबांनीं वहाणेला हात लागल्यावर हात धुतला असता, तो गृहस्थ रोज सकाळीं तळहातानें चामडें चोळूं लागला. सुधारणेचीं व्याख्यानें जें करूं शकलीं नाहींत, त्यांतलें थोडेंसें एका हातभर पट्ट्यानें केलें. परंतु थोडेंसेंच. चामड्याचा स्पर्श चालूं लागला म्हणून चांभाराला बसावयास घरांतला पाट मिळाला, असें झालें नाहीं.

हा काळ फार टिकलाही नाहीं. अमेरिकेंत किंग जिलेट यानें टाकाऊ पात्याचा वस्तरा १९०३ सालीं विक्रीस काढला, तेव्हां वर्षभरांत अवघे ५१ नग खपले. १९०४ सालीं त्यास पेटंट मिळालें आणि पहिल्या महायुद्धांत अमेरिकन शिपायांच्या पडशींत तो वस्तरा लाखांनीं गेला. ज्या पात्याला धारच लावावयाची नाहीं, त्याला पट्टा कशाला? घरोघरचे पट्टे उतरले. न्हाव्यांच्या दुकानांत ते पुढें पुष्कळ वर्षें टिकले; परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस रक्तावाटें पसरणाऱ्या रोगांची, विशेषतः एड्सची, धास्ती वाढली. एकच पट्टा आणि एकच वस्तरा अनेक गिऱ्हाइकांस वापरणें धोक्याचें ठरलें, आणि प्रत्येकास नवें अर्धें पातें घालण्याची पद्धत आली. ती योग्यच आहे. आरोग्याच्या बाबतींत जुन्याचा हट्ट धरण्यांत शहाणपण नाहीं. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक गिरण्याही बंद पडल्या. पट्ट्यांवर चालणारी मुंबई अशा रीतीनें दोन्ही अर्थांनीं संपली.

तरीही हौसेखातर जुना वस्तरा वापरणारे कांहीं लोक आज पुन्हां निघाले आहेत, आणि पट्टा घरीं करण्याची इच्छा त्यांना होते. त्यांना आमचें सांगणें थोडक्यांत असें. महाराष्ट्रांत २०१५ च्या मार्चापासून गाईंप्रमाणें बैल व वळू यांच्या हत्येसही कायद्यानें बंदी आहे. म्हशीस ती नाहीं. म्हणून येथल्या मालांत म्हशीचें चामडें पुष्कळ. बाकीचें चेन्नई, कानपूर, कोलकाता येथून येतें. म्हशीच्या चामड्याचा पृष्ठभाग जरा जाडाभरडा असतो, पण तें घट्ट असतें. धारावीच्या दुकानांत कंबरपट्ट्यासाठीं कापलेल्या जाड पट्ट्या मिळतात. त्यांतली पाठीची, सालीनें कमावलेली, आरपार तपकिरी, ओढली असतां न लांबणारी अशी पट्टी निवडावी. सालीचें चामडें अजून पाहावयाचें असेल तर कोल्हापूरकडे जावें. तेथल्या वहाणांना २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

आणि निवड करतांना एक प्रश्न अधिक विचारावा: हें कोणीं कमावलें? हा प्रश्न जुनाट झाला आहे असें कोणीं समजूं नये. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें १९५० सालीं अस्पृश्यता नष्ट झाली आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें हा गुन्हा ठरला. तरी २०१६ च्या जुलैंत गुजराथेंतील उन्याजवळ मेलेल्या गाईचें कातडें सोलणाऱ्या दलित तरुणांस भर रस्त्यांत मारहाण झाली. मेलेलीं जनावरें ओढण्याचें सोडा, असें बाबासाहेबांनीं १९२७ सालीं महाडास सांगितलें होतें. उन्यानंतर गुजराथेंत पुष्कळांनीं तेंच केलें, आणि मग रस्त्यांवर पडलेलीं जनावरें पाहून इतरांना त्या कामाची किंमत समजली.

दुकानदाराला जनावर कोणतें, साल कोणती, जाडी किती, हें विचारणाऱ्या चोखंदळ गिऱ्हाइकानें कमावणाऱ्याचें नांवगांवही विचारावें, शक्य तर त्याच्याकडूनच माल घ्यावा आणि त्याच्या कौशल्याचा योग्य मोबदला द्यावा. चामड्याची पारख करण्यास डोळा आणि बोटें पुरतात, आणि तीं थोड्या सरावानें तयार होतात. ज्यानें तें केलें त्याच्या शेजारीं बसून, त्याच्याच कपांत चहा घेऊन ही पारख शिकणारा आमचा वर्ग तयार होण्यास मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ लागला आहे, आणि तो अजून पुरता तयार झालेला नाहीं.